शरणागत ससा आणि मृगयेचा हंगाम

म्हाइंभटांनी १३ व्या शतकाच्या उत्तरार्धात संकलित केलेल्या लीळाचरित्रातील ससा-रक्षणाची लीळा पंथातील लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींस वृक्षाखाली आसन असता कुत्र्यांपुढे जीव घेऊन धावणारा एक ससा आला आणि स्वामींच्या जानूखाली शिरला. मागची कुत्री थबकली. त्यांच्या मागून पारधी आले व ससा सोडावा म्हणून त्यांनी विनवणी केली. स्वामींनी तो शरण आला असल्याचे सांगितले, पारध्यांशी संवाद केला, रानातले गवत खाऊन आणि पाणी पिऊन राहणाऱ्या या जीवांना का मारावे असा विचार त्यांच्यापुढे ठेवला. पारध्यांचे मन पालटले. ते निघून गेल्यावर स्वामींनी सशास आदराने संबोधून जावयास सांगितले व तो रानात निघून गेला.

या लीळेचे निरूपण करताना अभ्यासक बहुधा ‘शरण’ या शब्दावर थांबतात, आणि ते योग्यच आहे. परंतु पारध्यांच्या विनवणीत आणखी एक शब्द येतो, त्याकडे फारसे लक्ष जात नाही. तो शब्द ‘होड’ हा होय. हा ससा होडेचा आहे, याच्यापायी सुऱ्या निघण्याची वेळ आली आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. म्हणजे ते पारधी भुकेने व्याकूळ होऊन आलेले नव्हते. कोणाचे कुत्रे सरस, कोणाचा अंदाज खरा, या पैजेत तो जीव लावलेला होता. पोटासाठी होणारी हिंसा आणि खेळासाठी होणारी हिंसा यांत धर्मदृष्ट्या काय अंतर आहे, आणि खेळाला नियमांची कितीही सुंदर चौकट घातली तरी ती हिंसा निर्दोष होते काय, हा प्रश्न या एका शब्दातून उत्पन्न होतो.

(येथे एक खुलासा अवश्य आहे. लीळेतील ‘पारधी’ हा शब्द शिकार करणाऱ्या पुरुषांस उद्देशून आहे. आजच्या कोणत्याही जमातीकडे त्याचे बोट नाही.)

प्रश्नाचा विचार हवेत होऊ नये म्हणून एखादा जिवंत दृष्टान्त समोर असावा लागतो. ससा, श्वान आणि मनुष्य या तिघांचा तोच मेळ आजही मोठ्या हौसेने व पुष्कळ विचारपूर्वक जेथे घडवून आणला जातो, असा देश म्हणजे अमेरिकेची संयुक्त संस्थाने. तेथे बीगल जातीच्या कुत्र्यांकरवी होणारी सशाची शिकार हा खेड्यापाड्यांतील जुना छंद आहे. अविचारी क्रौर्याची उदाहरणे घेऊन त्यांचा निषेध करणे सोपे असते. जेथे कायदा आहे, संयम आहे, कुत्र्यावर माया आहे, तेथेच या प्रश्नाची खरी कसोटी लागते.

दृष्टान्ताचे स्वरूप

बीगल हे आखूड पायांचे, लांब कानांचे, मध्यम बांध्याचे कुत्रे. अमेरिकन केनेल क्लबने १८८५ मध्ये या जातीची नोंद घेतली. खांद्यापाशी १३ इंचांपर्यंत उंचीचे आणि १३ ते १५ इंच उंचीचे असे त्याचे दोन प्रकार तेथे मानले जातात. ते डोळ्यांनी शिकार धरीत नाही, नाकाने माग काढते, आणि माग सापडला की लांब, ओढलेल्या सुरात ओरडत चालते. त्याची चाल सावकाश असते आणि हेच त्याचे वैशिष्ट्य.

तिकडचा कॉटनटेल नावाचा ससा, कापसाच्या बोंडासारख्या शेपटीवरून त्याला हे नाव पडले आहे, थोड्याशा जागेत आयुष्य काढतो. त्या जागेतील प्रत्येक वाट, प्रत्येक जाळी त्याच्या ओळखीची असते. मागे कुत्री लागली म्हणून तो दूर देशी पळून जात नाही. मोठे वळण घेऊन पुन्हा आपल्या मूळ ठिकाणाकडे येतो. कुत्री फार वेगाने अंगावर आली तर तो एखाद्या बिळात शिरेल. बीगल सावकाश येते, म्हणून तो उघड्यावरच राहून फेरा घेतो. शिकारी हे जाणून असतो. तो धावत नाही. जेथून ससा उठला तेथेच छर्र्यांची बंदूक घेऊन स्तब्ध उभा राहतो आणि कुत्र्यांच्या आवाजावरून फेरा किती जवळ आला ते ऐकत असतो. तात्पर्य, सशाचे आपल्या घरावरील प्रेम हेच त्याला मृत्यूच्या समोर आणून उभे करते.

हा हंगाम शरदाच्या आरंभी उघडतो. मिशिगन राज्यात १५ सप्टेंबरला तर न्यूयॉर्क राज्याच्या बऱ्याच भागांत १ ऑक्टोबरला शिकारीस मोकळीक मिळते. हंगामाच्या आरंभीचे दिवस कठीण समजले जातात. पाने अजून गळालेली नसतात, जाळ्या दाट असतात, ससा दिसतो न दिसतो तोच नाहीसा होतो. जमीन कोरडी व उबदार असली की गंध टिकत नाही, म्हणून पहाटेचे दव असेपर्यंतच कुत्र्यांना माग लागतो. उन्हाळाभर बसून राहिलेली कुत्री लवकर धापा टाकतात. जाणते शिकारी अशा दिवसांत सकाळीच दोन घटका कुत्री सोडतात, त्यांना पाणी पाजतात आणि ऊन चढण्यापूर्वी परततात.

पूर्वपक्ष

या छंदाच्या बाजूने जे सांगितले जाते ते एकदम उडवून लावण्यासारखे नाही. म्हणून ते क्रमाने मांडणे न्याय्य होईल.

पहिले असे की, ही शिकार नियमबद्ध आहे. परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, एका दिवसात किती ससे मारावेत याची मर्यादा असते. पेन्सिल्वेनियात ती ४ आहे. दुसरे, सशांचे आयुष्य मुळातच अल्प. मादी साधारण २८ दिवसांत विते, वर्षातून अनेक वेळा विते, आणि जन्मलेल्यांपैकी बहुतेक जीव वर्ष पुरे होण्यापूर्वीच कोल्हा, ससाणा, रोग वा थंडी यांच्या तोंडी जातात. शिकारी न आला तरी ते मरणारच. तिसरे, मारलेला ससा घरी नेऊन खाल्ला जातो, तो वाया जात नाही. चौथे, माग काढणे हा कुत्र्याचा स्वभाव आहे आणि त्याला स्वभावाप्रमाणे वागू देणे ही त्याच्यावरील दयाच होय. पाचवे, पुष्कळ बीगलप्रेमी तर बंदूकच नेत नाहीत. कुत्र्यांच्या मैदानी परीक्षा होतात, त्यांत कुत्र्याने माग किती अचूक धरला एवढेच परीक्षक पाहतात, सशास कोणी मारीत नाही. तेथे हिंसा कोठे आहे?

समाधान

पहिल्या मुद्द्याचा विचार करताना कायदा आणि धर्म यांच्या प्रयोजनातील भेद ध्यानी घ्यावा लागतो. कायदा जातीचा हिशेब ठेवतो. ससे पुढच्या वर्षी पुरेसे उरतील काय, हा त्याचा प्रश्न असतो. धर्म जीवाचा हिशेब ठेवतो. दिवसाला ४ हा आकडा जातीच्या दृष्टीने संयम आहे. त्या चौघांच्या दृष्टीने त्यात संयम कोठेच नाही. याचे बोलके उदाहरण इंग्लंडमध्ये सापडते. तेथे बीगलांचे जथे घेऊन पायी शेतसशाचा पाठलाग करण्याची जुनी प्रथा होती. २००४ च्या हंटिंग अॅक्टने इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांकरवी वन्य सस्तन प्राण्यांची शिकार निषिद्ध ठरविली आणि फेब्रुवारी २००५ पासून तो कायदा अमलात आला. परंतु त्याच कायद्याने बिळात राहणाऱ्या सशास अपवादात टाकले. जमीन आपली असली किंवा मालकाची अनुमती असली की त्याच्यामागे कुत्री सोडता येतात. मराठीत ‘ससा’ या एकाच शब्दाने ओळखले जाणारे हे दोन जीव. एकाचे भय कायद्याला ऐकू आले, दुसऱ्याचे आले नाही. कायद्याची रेषा अशी जातींमधून जाते. ती उपयुक्त आहे, परंतु अपुरी आहे.

आता संयमाविषयी. हंगामाच्या आरंभी पुष्कळ शिकारी मुद्दाम थांबतात आणि कडक थंडी पडून हिमकण दिसू लागल्यावरच ससे मारतात. याचे मुख्य कारण तुलारेमिया नावाचा रोग होय. तो गोचिडींच्या द्वारे सशांत पसरतो आणि सोलताना हाताच्या जखमेतून माणसालाही होतो. थंडी पडली की गोचिडी कमी होतात. हे शहाणपण आहे यात संशय नाही. परंतु याच दिवसांत आणखीही एक गोष्ट घडत असते. कॉटनटेलची वीण सप्टेंबरपर्यंत चालते. मादी जमिनीतल्या उथळ खळग्यात गवत आणि स्वतःच्या अंगाची लव यांचे अंथरूण करून त्यात आंधळी, उघडी पिल्ले ठेवते आणि केवळ संधिप्रकाशात थोडा वेळ येऊन त्यांना पाजते. हंगामाची पहिली बंदूक वाजते तेव्हा वर्षातील शेवटची पिल्ले कोठे खळग्यात, कोठे नुकतीच बाहेर पडलेली असू शकतात. मादी मेली तर खळग्यात वाट पाहणाऱ्यांचे काय होते हे पाहावयास कोणी जात नाही. शिवाय दाट पाल्यात छर्रे लागलेला ससा जखमी अवस्थेत जाळीत शिरून नाहीसा होण्याचा संभव अधिक. ज्यांना एवढ्यासाठीही थांबावेसे वाटते, असे शिकारी तेथे आहेत; त्यांच्यात दयेचा अंकुर आहे असे म्हणावे लागेल. दोन्ही प्रकारचे शिकारी सारखेच थांबतात, सारखीच थंडीची वाट पाहतात. पण एकाचे थांबणे आपल्या हाताच्या रक्षणासाठी असते, दुसऱ्याचे पिल्लांच्या रक्षणासाठी. बाह्य आचार एक असूनही क्रियेचे फळ भावावर कसे अवलंबून असते, याचे हे चांगले उदाहरण होय.

दुसरा मुद्दा, ससे नाहीतरी मरणारच. हा युक्तिवाद खरा मानला तर मनुष्यासही तो लागू पडेल, कारण मनुष्यही मरणारच आहे. मरण अटळ आहे यावरून ते आणून देण्याचा अधिकार कोणास प्राप्त होत नाही. ससाणा सशास मारतो तेव्हा तो दुसरे काही करू शकत नाही. त्याला निवड नाही. मनुष्यजन्माचे वैशिष्ट्यच हे की येथे निवड आहे. जेथे निवड आहे तेथेच विधिनिषेध लागू होतात, तेथेच पाप आणि पुण्य यांचा प्रश्न उद्भवतो. आपल्या पायी मुंगीचेही घर उजाड होऊ नये, या आशयाचे स्वामींचे वचन साधकास उद्देशून आहे, अस्वलास नव्हे.

तिसरा मुद्दा अन्नाचा. मांसभक्षण हे पंथाच्या आचारात सर्वथा निषिद्ध आहे, तेव्हा अन्नासाठी केलेली हिंसा ही हिंसा नव्हे असे म्हणता येणार नाही. तरीही पोटाची हिंसा आणि खेळाची हिंसा यांत एक भेद स्पष्ट आहे. भूक भरली की थांबते. होड कधी भरत नाही. आजचा फेरा उत्तम झाला तर उद्याचा त्याहून उत्तम हवा असतो. आणि अन्न हेच प्रयोजन असते तर फेऱ्याची, सुरांची, मागाच्या अचूकपणाची एवढी गोडी लागली नसती. बीगल पाळणारे स्वतःच प्रांजळपणे सांगतात की खरा आनंद मांसात नसून कुत्र्यांचा आवाज ऐकण्यात आहे. हे त्यांचे सांगणे खरे मानावे, कारण त्यातच प्रश्नाचे मर्म आहे.

चौथा मुद्दा श्वानाच्या स्वभावाचा. गंधाच्या मागे जाणे हा बीगलचा स्वभाव आहे, हे मान्य. त्यात त्याचा दोष नाही. लीळेतही स्वामींनी कुत्र्यांस काही म्हटलेले नाही. बोलणे झाले ते पारध्यांशी. परंतु स्वभावाला दिशा देणारा मनुष्य असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ पासून हीच बीगल कुत्री विमानतळांवर प्रवाशांच्या सामानातील निषिद्ध फळे व मांस हुंगून काढण्यासाठी योजिली आहेत. नाक तेच, उत्साह तोच, शाबासकीचा आनंदही तोच. परंतु त्या नाकापुढे कोणी जीव धावत नसतो. जमिनीवर कृत्रिम गंध ओढून त्यावर कुत्री सोडण्याची रीतही जुनी आहे. तेव्हा श्वानाच्या स्वभावाची तृप्ती सशावाचून होऊ शकते. सशावाचून जी होत नाही ती मनुष्याच्या होडेची तृप्ती.

न मारताही हिंसा

पाचवा मुद्दा सर्वांत सूक्ष्म आहे आणि त्याचाच विचार अधिक करावयास हवा. ससा मारला जात नाही, केवळ धावडवला जातो. मग दोष कोणता?

काही जण असेही म्हणतात की सशास तेवढे भय नसतेच. तो कुत्र्यांच्या बराच पुढे असतो, मध्येच थांबतो, बसतो, पुन्हा चालू लागतो. परंतु तो बसतो तेव्हा कान उभारून मरण किती अंतरावर आहे हे ऐकत असतो. या शंकेचे उत्तम उत्तर लीळेतच आहे. रानातला ससा मनुष्याच्या वासानेही पळतो. असा जीव एका मनुष्यदेहाच्या जानूखाली येऊन शिरतो, याचा अर्थ काय? परमेश्वर अवताराच्या सन्निधानाचा प्रभाव तर आहेच. परंतु त्याबरोबरच त्याच्या भयाचे परिमाणही त्यात दिसते. ज्या भयाने जन्मजात भय विसरावे, ते भय लहान म्हणता येणार नाही.

हिंसा म्हणजे केवळ प्राणवियोग नव्हे. दुसऱ्या जीवास पीडा होणे, त्यास उद्वेग होणे, त्याचे निर्भयपण हिरावले जाणे हेही हिंसेतच येते. म्हणून ती कायिक, वाचिक, मानसिक अशी त्रिविध सांगितली जाते. भगवद्गीतेच्या १६ व्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते आणि पुढे तीत अहिंसा व भूतदया येतात. साधक स्वतः निर्भय व्हावा हे जितके इष्ट, तितकेच त्याच्यापासून इतरांनी निर्भय असावे हेही इष्ट. मैदानी परीक्षेतील ससा जिवंत परततो, परंतु तेवढा वेळ त्याचे भय हाच त्या खेळाचा कच्चा माल असतो. तो भ्याला नाही तर फेरा नाही. फेरा नाही तर माग नाही. माग नाही तर गुण नाहीत. कुत्र्यांचा तो लांब सूर एकच असतो. उभा राहून ऐकणाऱ्यास तो संगीत वाटतो, आणि ज्याच्या मागे तो येतो त्यास ती मरणाची हाक असते.

यावरून खेळातील हिंसेचे लक्षण असे करता येईल: दुसऱ्या जीवाचे भय जेथे आपल्या आनंदाचे साधन होते, तेथे हिंसा आहे; मग प्राण जावो वा राहो. पोटाच्या हिंसेत पशूचे भय ही नको असलेली गोष्ट असते. ते टळले तर मारणाऱ्याचे काही बिघडत नाही. खेळाच्या हिंसेत ते भयच हवे असते. म्हणून नियमांची चौकट कितीही नेटकी असली तरी ती या हिंसेचा आकार बदलते, तिचा गाभा बदलत नाही.

या लक्षणाची व्याप्ती बंदूक धरणाऱ्यापुरती राहत नाही. पातंजल योगसूत्रांत हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदिलेली अशी तीन प्रकारची मानली आहे. बंदूक चालविणारा पहिला, कुत्री सोडणारा दुसरा, आणि बाजूस उभा राहून फेऱ्याची वाहवा करणारा तिसरा. आपल्याकडील सशास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर छंदाच्या शिकारीस कायद्यात जागा उरलेली नाही. तरी शिवारात ऊसतोड चालू असता फडातून ससा उठला की चहूकडून होणारा आरडाओरडा कोणास अपरिचित नाही. त्या क्षणी ज्याच्या हातात काठी नाही त्याचेही मन धावते. साधकाने शोधावयाचा तो पारधी तेथे आहे. कोणाची फजिती, कोणाची भीती, कोणाची धावपळ पाहून मनात जो हर्ष उठतो, त्यात होडेचेच बीज असते. परदेशातील छंदाचा विचार करून तेथील लोकांस दूषण द्यावे आणि आपल्या मनातील कुत्री मोकळी सोडावीत, असे होऊ नये.

स्वामींची रीती

शेवटी लीळेतील एका गोष्टीकडे पुन्हा पाहिले पाहिजे. स्वामींनी पारध्यांस शाप दिला नाही, त्यांना दुष्ट म्हटले नाही, किंवा सामर्थ्याने हाकलूनही दिले नाही. ज्यांच्या हातांत शस्त्रे होती आणि होडेमुळे जे एकमेकांवरही ती चालविण्याच्या बेतात होते, त्यांच्याशी ते बोलले. दया ही केवळ सशावर झाली असे समजणे अपुरे ठरेल. ससा एका दिवसाच्या मरणातून सुटला. पारधी त्याहून मोठ्या गोष्टीतून सुटले. रक्षिलेला आणि मारणारा हे दोघेही जीवच. दोघांवरही कृपा झाली.

म्हणून अहिंसेचा विचार सांगणाऱ्याने बीगल पाळणाऱ्या मनुष्यातही काय चांगले आहे ते पाहावे. पहाटे उठून कुत्र्यांना पाणी पाजणे, त्यांच्या पायांतील काटे काढणे, तासन् तास स्तब्ध उभे राहून कान देणे, हे सारे धैर्य आणि ही माया निरर्थक नाही. ज्यास कुत्र्याचे धापा टाकणे कळते, त्यास सशाचे धापा टाकणे कळावयास फार दूर जावे लागत नाही. मध्ये केवळ होडेचा पडदा असतो. तो पडदा निंदेने अधिक घट्ट होतो, संवादाने विरळ होतो.

आणि सशास निरोप देताना स्वामींनी जे संबोधन योजिले ते थोर पुरुषास योजावे असे होते. ज्याच्यावर घटकेपूर्वी पैज लागली होती, जो होडेतील एक वस्तू झाला होता, त्याला त्या एका शब्दाने पुन्हा जीवपण दिले. खेळातील हिंसा प्रथम हेच हिरावून घेते: तिच्या दृष्टीस ससा दिसतच नाही, फेरा दिसतो. जेथे समोरचा जीव जीव म्हणून दिसू लागतो, तेथे जानू उचलून वाट मोकळी करून देणे एवढेच काय ते उरते.